भरवेलीचा दगड आणि विद्यापीठाची विद्या



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ हे व्याख्यान होत आहे, त्यांच्या वर्गात मी बसलेला आहे. गणिताचे उत्तर चुकले तर ते रागावत नसत, "कसे काढलेस?" एवढेच विचारीत. उत्तर बरोबर आले तरीही त्यांचा प्रश्न तोच असे. त्या वयात आम्हांला हा निव्वळ छळ वाटे. पुढे तीस वर्षांहून अधिक काळ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकविल्यावर त्या दोन शब्दांचे मोल मला कळले. आजचे विवेचन म्हणजे त्या उशिरा कळलेल्या गोष्टीची कबुलीच आहे.

सुमारे १९८० सालची गोष्ट. पदवीच्या वर्गात आर्किमिडीजचे तत्त्व शिकवून झाले होते. सर्वांना ते मुखोद्गत होते. मी भरवेलीच्या खाणीकडून आणलेला मँगनीजच्या खनिजाचा एक ओबडधोबड तुकडा मेजावर ठेवला आणि याची घनता काढा, असे सांगितले. वर्ग स्तब्ध झाला. पुस्तकात दगड नव्हता, धातूचा गुळगुळीत गोळा होता. अखेर बैहरकडच्या एका खेड्यातून आलेल्या विद्यार्थ्याने तुकडा तोलला. हवेत ४२० ग्रॅम, पाण्यात ३२०. म्हणजे घनता ४.२. नदीकाठचा साधा दगड २.७ च्या आसपास भरतो. मी त्याला शाबासकी दिली. तेव्हा तो म्हणाला, "सर, या दगडाला बारीक छिद्रे आहेत. त्यांत पाणी शिरले तर हे उत्तर खरे राहील का?" मी घड्याळाकडे पाहिले आणि म्हणालो, "हे परीक्षेत येत नाही." त्या मुलाने वर्षभरात पुन्हा प्रश्न विचारला नाही.

माझे ते वाक्य माझ्या एकट्याचे नव्हते. त्यामागे सव्वाशे वर्षांचा इतिहास उभा होता. १८५७ साली मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथे विद्यापीठे निघाली ती लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. त्यांचे मुख्य काम शिकविणे हे नव्हते, परीक्षा घेणे हे होते. आपला बालाघाट जिल्हा अस्तित्वात आला १८६७ साली. पुढे नागपुरात १८८३ साली हिस्लॉप आणि १८८५ साली मॉरिस महाविद्यालय निघाले आणि वैनगंगेच्या खोऱ्यातील मुले तिकडे जाऊ लागली. परंतु त्यांच्या परीक्षा आधी कलकत्त्याच्या आणि नंतर अलाहाबादच्या विद्यापीठाकडे होत्या. नागपूर विद्यापीठ स्थापन झाले १९२३ साली, सागरचे १९४६ साली. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ तिकडे गेला, आपण मध्य प्रदेशात राहिलो. राज्य बदलले, विद्यापीठ बदलले. प्रश्नपत्रिका काढणारा मात्र दूरचा आणि अनोळखीच राहिला. शिकविणारा एक आणि पारखणारा दुसरा, अशा व्यवस्थेत दोघांनाही सोयीचे काय, तर छापील उत्तर. विद्यार्थ्याचा विचार कोणत्या वाटेने गेला, हे पाहण्याची सवड तिथे कोणालाच नव्हती. डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील १९४८-४९ च्या विद्यापीठ आयोगाने हे दुखणे नेमके ओळखले होते. विद्यापीठीय शिक्षणात एकच सुधारणा सुचवायची झाली तर ती परीक्षांची असावी, असा त्याचा अभिप्राय होता. अहवाल ग्रंथालयात गेला, परीक्षा जागच्या जागी राहिल्या.

आश्चर्य असे की, या प्रश्नाला आपल्याच राज्यात एक उत्तर मिळाले, आणि तेही विद्यापीठात नव्हे, खेड्यातील माध्यमिक शाळांत. १९७२ साली किशोर भारती आणि रसूलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी होशंगाबाद, म्हणजे आजच्या नर्मदापुरम, जिल्ह्यातील १६ शाळांत सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी विज्ञानशिक्षणाचा एक प्रयोग सुरू केला. किशोर भारतीचे डॉ. अनिल सद्गोपाल हे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील काम सोडून खेड्यात आलेले होते. त्या संस्थेतील शास्त्रज्ञ आणि दिल्ली विद्यापीठातील प्राध्यापक या कामात सहभागी झाले. मुले लहान लहान टोळ्या करून स्वतः प्रयोग करीत. 'बाल वैज्ञानिक' या त्यांच्या पुस्तकात प्रश्न असत, उत्तरे नसत. परीक्षेला पुस्तक उघडे ठेवण्याची मुभा होती, कारण पुस्तकात पाहून सापडेल असे काही विचारलेच जात नसे. १९७८ साली हा कार्यक्रम जिल्हाभर पसरला आणि १९८२ साली त्यातूनच 'एकलव्य' ही संस्था उभी राहिली.

१९८४ च्या उन्हाळ्यात मी तेथील शिक्षकांचे प्रशिक्षण पाहावयास गेलो. एका गुरुजींनी विद्यापीठातून आलेल्या प्राध्यापकांना एक अडचणीचा प्रश्न विचारला. प्राध्यापक शांतपणे म्हणाले, "मला ठाऊक नाही. करून पाहू या." मला माझ्या वर्गातला तो मुलगा आठवला आणि मान खाली गेली.

परतल्यावर मी भरवेलीचा दगड पुन्हा बाहेर काढला. या वेळी उत्तर न सांगता छिद्रांचा प्रश्नच वर्गापुढे ठेवला. मुलांनी तुकडा रात्रभर भिजविला, पुसून पुन्हा तोलला. वजन ३ ग्रॅमने वाढले. म्हणजे छिद्रांत ३ घनसेंटिमीटर पाणी मावते. छिद्रांसकट दगडाचे आकारमान १००, छिद्रे वगळून ९७. घनता पहिल्या हिशेबाने ४.२, दुसऱ्या हिशेबाने ४.३३. "मग खरे उत्तर कोणते?" यावर तासभर वाद झाला. शेवटी मुलांनीच निकाल दिला: दोन्ही उत्तरे खरी आहेत, प्रश्न दोन आहेत. गाडीत किती जागा लागेल हे पाहणाऱ्याला पहिले उत्तर हवे, खनिज कोणते हे ओळखणाऱ्याला दुसरे. विश्लेषण म्हणजे काय, याची याहून सुबोध व्याख्या मला आजवर सापडलेली नाही.

हे दुखणे केवळ आपलेच आहे, असेही नव्हे. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात एरिक माझूर या प्राध्यापकांनी आपल्या हुशार विद्यार्थ्यांना बलासंबंधीचे अगदी साधे प्रश्न दिले. तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारले की, उत्तर तुम्ही शिकविल्याप्रमाणे द्यायचे, की मी खरोखर विचार करते त्याप्रमाणे? तेथून त्यांनी १९९१ च्या सुमारास व्याख्यान आवरते घेऊन विद्यार्थ्यांना एकमेकांशी चर्चा करावयास लावण्याची पद्धत रूढ केली. गणिती जॉर्ज पोल्या यांनी १९४५ सालच्या आपल्या पुस्तकात प्रश्न सोडविण्याच्या चार पायऱ्या सांगितल्या: प्रश्न समजून घेणे, योजना आखणे, ती पार पाडणे आणि मागे वळून पाहणे. आपण शिकवितो ती बहुधा फक्त तिसरी. आपले गुरुजी "कसे काढलेस?" म्हणत, ती चौथी होती.

होशंगाबादचा कार्यक्रम २००२ साली राज्य शासनाने बंद केला. ही मुले वरच्या वर्गांत मागे पडतील, असा एक आक्षेप त्यावर घेतला जात असे. या भीतीची थट्टा करणे मला योग्य वाटत नाही. ज्या बापाने शेत गहाण टाकून मुलाला शिकविले, त्याला गुणपत्रिकाच दिसते. परंतु दोष कोठे होता? आठवीपर्यंत विचार करावयास शिकलेले मूल पुढे जिथे जाणार, तिथली परीक्षा केवळ स्मरणाची होती. खालची शाळा बदलली, वरचे विद्यापीठ बदलले नाही. आणि हिशेब मात्र शाळेकडून मागितला गेला. तो हिशेब आम्हां महाविद्यालयीन शिक्षकांकडून मागावयास हवा होता.

बैहरकडचा तो विद्यार्थी पुढे कोठे गेला, मला कळले नाही. त्याच्या प्रश्नाचे उत्तर मी चार वर्षे उशिरा, दुसऱ्याच मुलांना दिले. हे ऋण फिटणारे नाही. येथे बसलेल्या शिक्षकबंधूंना एवढीच विनंती आहे की, असा प्रश्न आला तर घड्याळाकडे पाहू नका. आणि विद्यार्थी मित्रहो, "हे परीक्षेत येत नाही" असे कोणी म्हटले, तर प्रश्न वहीत लिहून ठेवा. तो टाकून देऊ नका.

तो दगड मी आज सोबत आणला आहे. शाळेच्या प्रयोगशाळेत तो ठेवून घ्यावा, ही प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.