कागदाचा पीळ आणि सेर यांचा प्रश्न

आकाशकंदील झाला की घरात कागदाच्या पट्ट्या उरतात. त्यांतली एक घेऊन मी दरवर्षी मुलांना एक गंमत दाखवतो. पट्टीला अर्धा पीळ द्यायचा आणि दोन्ही टोके खळीने चिकटवायची. आता बोट फिरवीत गेलात तर कड न ओलांडता ते पट्टीच्या मागच्या अंगाला पोचते! १८५८ साली मोबियस आणि लिस्टिंग या दोघा जर्मनांनी ही पट्टी स्वतंत्रपणे हेरली.

गणितज्ञ तिच्याकडे निराळ्या नजरेने पाहतात. वर्तुळाच्या प्रत्येक बिंदूवर एकेक रेषा उभी केली आहे, असे ते म्हणतात. अशा समुदायाला नाव 'व्हेक्टर बंडल'. आपण जुडी म्हणू. या जुडीतल्या प्रत्येक रेषेला काटकोनात दुसरी रेषा जोडा. ही दुसरी जुडीही तितकीच पिळलेली निघते. पण दोघी मिळून जागोजाग एक सरळ, बिनपिळाची पातळी भरून काढतात. एकटी वाकडी, जोडीने सरळ! बीजगणितात अशाच वस्तूला 'प्रोजेक्टिव्ह मॉड्यूल' म्हणतात, आणि मुळातच सरळ असेल तिला 'फ्री'. जुडी आणि मॉड्यूल ही एकाच वस्तूची दोन रूपे, हे बहुपदींच्या भूमितीत फ्रेंच गणिती झाँ-पिएर सेर यांनी १९५५ साली दाखवले. सलग फलनांसाठी रिचर्ड स्वान यांनी १९६२ साली.

सेर यांनी त्याच निबंधात सहज एक शंका टाकली. सपाट अवकाशावर, केवळ बहुपदी वापरून, पिळाची जुडी बांधता येईल काय? आपल्याला ठाऊक नाही, असे त्यांनी सरळ लिहून टाकले. मोठ्या माणसाचा हा मोकळेपणा मला फार आवडतो.

एका चलाचे उत्तर सोपे होते. दोन चलांचे उत्तर १९५८ साली दिले सी. एस. शेषाद्री यांनी. ते १९५३ साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत विद्यार्थी म्हणून आले, तेव्हा संस्था गेटवेजवळच्या जुन्या यॉट क्लबच्या इमारतीत होती. बाहेर लोक समुद्राचा वारा खात फिरत असतील. आत ही असली झटापट! शेषाद्रींनी दाखवले, की तिथे पीळ पडूच शकत नाही.

पुढचे चढण मात्र अवघड ठरले. अखेर १९७६ साली अमेरिकेत डॅनियल क्विलन आणि लेनिनग्राडमध्ये आंद्रेई सुस्लिन यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, कितीही चलांसाठी तोच निकाल सिद्ध केला. सेर यांनी नुसता प्रश्न विचारला होता; 'सेर यांचे अनुमान' हे नाव लोकांनीच चिकटवले, आणि सिद्धता मिळाल्यावरही ते सुटलेले नाही.