कैरो १९९४ : पोपची हाक आणि मुसलमानांची उत्तरे

परवा एका ख्रिस्ती शिक्षकमित्राने माझ्यापुढे एक निवेदन ठेवले. गर्भपात सरसकट बंद व्हावा, कोणताही अपवाद नको, अशी त्यात मागणी होती. "सर, तुमच्या धर्मातही हे हराम आहे ना? मग सही करायला काय हरकत आहे?" त्यांनी सरळ विचारले. मी दोन दिवसांची मुदत मागितली. प्रश्न प्रामाणिक होता आणि नुसते 'हो' किंवा 'नाही' म्हणून तो सुटणारा नव्हता. शिवाय अशी हाक मुसलमानांना पहिल्यांदाच आलेली नाही. तीस वर्षांपूर्वी ती थेट व्हॅटिकनमधून आली होती.

५ ते १३ सप्टेंबर १९९४ या काळात इजिप्तची राजधानी कैरो येथे संयुक्त राष्ट्रसंघाची लोकसंख्या व विकास परिषद भरली. परिषदेच्या महासचिव होत्या पाकिस्तानच्या डॉ. नफीस सादिक. जाहीरनाम्याच्या मसुद्यात सुरक्षित गर्भपाताचा उल्लेख होता. यातून गर्भपात हा जगभर हक्क ठरेल, अशी भीती पोप जॉन पॉल दुसरे यांना वाटत होती. त्या वर्षीच्या मार्चमध्ये त्यांची आणि नफीस सादिक यांची भेट झाली, पण मतभेद मिटले नाहीत. मग व्हॅटिकनने मुस्लिम देशांकडे हात पुढे केला. ऑगस्टमध्ये त्यांचे दूत तेहरान आणि त्रिपोलीपर्यंत पोचले.

प्रतिसाद मिळालाही. अल-अजहरचे प्रमुख शेख जादुल हक यांनी मसुद्यावर कडक टीका केली. सौदी अरेबिया, सुदान, लेबनॉन आणि इराक परिषदेला गेलेच नाहीत. पोप आणि मुस्लिम जगताची युती झाली, असे चित्र वर्तमानपत्रांनी रंगवले.

प्रत्यक्षात ती युती टिकली नाही. घरातून विरोध असतानाही पंतप्रधान बेनझीर भुट्टो कैरोला गेल्या. कुटुंबनियोजनाचे साधन म्हणून गर्भपात इस्लामला मान्य नाही, असे त्यांनी व्यासपीठावरून सांगितले. पण अपवादात्मक परिस्थितीची वाटही मोकळी ठेवली. इराण आला, आणि त्या देशात १९८९ पासून सरकारच कुटुंबनियोजनाची मोहीम चालवत होते. शेवटी परिच्छेद ८.२५ वर तडजोड झाली. कुटुंबनियोजनाची पद्धत म्हणून गर्भपाताचा पुरस्कार करायचा नाही. मात्र जिथे तो कायद्याविरुद्ध नाही तिथे तो सुरक्षित असावा, आणि गुंतागुंत झालेल्या प्रत्येक स्त्रीला उपचार मिळावेत. १७९ देशांच्या या परिषदेत मुस्लिम देशांनी आपापल्या हरकती नोंदवून कार्यक्रम स्वीकारला. व्हॅटिकननेही तो अंशतः स्वीकारला, पण गर्भपाताबाबतची आपली हरकत कायम ठेवून.

मुसलमान पोपबरोबर शेवटपर्यंत का गेले नाहीत? राजकारण होतेच. पण खरे कारण मला आपल्या फिकहमध्ये दिसते.

कुरआनने दारिद्र्याच्या भीतीने मुलांचा जीव घेण्यास सक्त मनाई केली आहे (सूरह इसरा, आयत ३१). जिवंत पुरलेल्या मुलीच्या बाजूने कयामतच्या दिवशी जाब विचारला जाईल, असे सूरह तकवीर सांगते. पण या आयती जन्मलेल्या मुलांविषयी आहेत. गर्भाविषयीचा विचार उलेमांनी मुख्यतः हदीसवरून केला. हजरत इब्ने मसऊद (रजि.) यांच्या हदीसमध्ये गर्भाच्या वाढीचे टप्पे येतात आणि त्यानंतर फरिश्ता रूह फुंकतो असे येते. त्यावरून १२० दिवसांची मर्यादा प्रसिद्ध झाली. दुसरी एक घटना आहे. हुजैल टोळीतल्या दोन स्त्रियांच्या भांडणात एकीने मारलेल्या दगडाने दुसरीच्या पोटातला गर्भ गेला. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्याची भरपाई द्यायला लावली. उलेमांनी तिचे मोल पाच उंट, म्हणजे पूर्ण दियतच्या विसाव्या हिश्श्याइतके धरले. म्हणजे गर्भ कवडीमोल नाही, आणि पूर्ण माणसाच्या बरोबरीचाही धरलेला नाही.

यातून मते वेगवेगळी झाली. बहुतेक मालिकी उलेमांनी सुरुवातीपासूनच गर्भपाताला मनाई केली. इमाम गजाली (मृत्यू ११११) यांच्या मते तो पहिल्या टप्प्यापासून अपराध आहे आणि टप्प्यागणिक त्याचे गांभीर्य वाढते. आपल्याकडे बहुसंख्येने असलेल्या हनफींच्या अनेक उलेमांनी मात्र १२० दिवसांच्या आत, सबळ कारण असेल तर, सवलत दिली. दमास्कसचे इब्ने आबिदीन (मृत्यू १८३६) यांनी दिलेले उदाहरण तर वाचण्यासारखे आहे. अंगावर पिणारे मूल आहे, नव्या गर्भामुळे आईचे दूध आटले आहे आणि दाई ठेवण्याची बापाची ऐपत नाही. किताबात मान घालून बसलेल्या या आलिमला गरिबाच्या घरातला पाळणा दिसत होता! १२० दिवसांनंतर मनाई कडक होते. तरी आईच्या जिवाला धोका असेल तर तिचा जीव आधी, असे आजचे बहुतेक उलेमा मानतात. मक्केच्या इस्लामी फिकह परिषदेने १९९० मध्ये, गंभीर व्यंग असल्याची डॉक्टरांच्या समितीने खात्री दिल्यास १२० दिवसांच्या आत परवानगी दिली.

टप्प्यांचा हा विचार आपल्यापुरताच नव्हता, हेही मित्राला सांगायला हवे होते. गर्भपात चर्चने नेहमीच पाप मानला. पण गर्भात आत्मा काही दिवसांनी येतो, असे सेंट थॉमस अक्विनासही मानत. 'आत्मा आलेला' आणि 'न आलेला' गर्भ हा शिक्षेतला फरक चर्चने १८६९ मध्ये, पोप नववे पायस यांच्या काळात काढून टाकला.

आता आपल्या देशाकडे येऊ. इंग्रजांनी १८६० मध्ये दंड संहिता आणली. तिच्या ३१२ व्या कलमाने स्त्रीचा जीव वाचवण्याखेरीज कोणत्याही कारणाने केलेला गर्भपात गुन्हा ठरवला, आणि खुद्द त्या स्त्रीलाही गुन्हेगार केले. परिणामी बायका चोरून भोंदूंकडे जात आणि जीव गमावत. ही परिस्थिती तपासण्यासाठी १९६४ मध्ये महाराष्ट्राचे मंत्री शांतिलाल शाह यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि तिच्या शिफारशींवरून १९७१ चा कायदा झाला. सरसकट बंदी आपण शंभर वर्षांहून अधिक काळ पाहिली आहे. तिने गर्भपात थांबला नाही, तो फक्त अंधारात गेला.

याची दुसरी बाजूही आहे. पुढे सोनोग्राफी आली आणि मुलगी आहे म्हणून गर्भ पाडण्याचा धंदा सुरू झाला. महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशात सर्वप्रथम गर्भलिंगचाचणीवर निर्बंध घालणारा कायदा केला. १९९४ मध्ये देशाचा कायदा झाला. तरीही सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे मुलींची संख्या देशात १९९१ ला ९४५ होती, ती २००१ ला ९२७ वर आली. अरबस्तानातल्या वाळूत पुरलेली मुलगी आणि ही मुलगी यांत मला फरक दिसत नाही. आपल्या वस्तीत हे होत नाही, असे छातीठोकपणे म्हणण्याआधी आपणही आपल्या घरांकडे पाहावे.

दोन दिवसांनी मी मित्राला कागद परत दिला. सही केली नव्हती. मागच्या कोऱ्या बाजूला तीन ओळी लिहिल्या होत्या : मुलगी म्हणून गर्भ पाडणाऱ्यांविरुद्ध मी तुमच्याबरोबर उभा राहीन. गरिबीमुळे मूल नको म्हणणाऱ्या बाईसाठी तुमच्या चर्चने आणि आमच्या जकातने मिळून काही करावे. पण जिचा जीव धोक्यात आहे किंवा जिच्यावर बलात्कार झाला आहे, तिच्या दारावर पोलीस पाठवणाऱ्या कागदावर माझी सही नको.

त्यांनी ते दोनदा वाचले. म्हणाले, "सर, पहिल्या दोन ओळींसाठी वेगळा कागद करू या." तो मसुदा सध्या माझ्या टेबलावर आहे.