चूड, बत्ती आणि एलईडी

मंडळी, एलईडी मासेमारीचा विषय निघाला की बंदरावर एक वाक्य हमखास ऐकू येतं: "उजेडावर मासे मारणं काय नवीन आहे? आपले आजे-पणजे पण मारायचे." खरं आहे. म्हणूनच आज जरा मागे जाऊन बघू.

पहिला पाऊस लागला की कोकणात माणसं चूड पेटवून वहाळात उतरायची. चढणीचे मासे आणि कुर्ल्या हे त्या रात्रींचं धन. सुक्या झावळांची चूड, मग कंदील, मग गॅसबत्ती. हे फक्त आपल्याकडचं नाही. ग्रीसमध्ये प्लेटोने सुमारे २४०० वर्षांपूर्वी रात्री आगीच्या उजेडात होणाऱ्या मासेमारीचा उल्लेख करून ठेवलाय. पण चूड किती वेळ जळणार? ती विझली की माणूस घरी. मर्यादा त्या उजेडातच होती.

एलईडीने तीच मर्यादा काढून टाकली. एक बोट जनरेटर चालवून समुद्रात दिवे लावते. उजेडाला बारीक जीव जमतात, त्यांच्यामागे लहान मासे, त्यांच्यामागे मोठे. थवा जमला की पर्ससीनचं जाळं त्याला घेरतं. तारली, बांगडा, म्हाकूल, पिल्लं, गाभोळीवाली मासळी, सगळं एकदम वर.

आता कायद्याचा इतिहास बघा. आधी यंत्र येतं, मग भांडण, आणि शेवटी कायदा. ट्रॉलर आणि पारंपरिक मच्छीमारांचा संघर्ष पेटला, तेव्हा केंद्राने १९७९ मध्ये नमुना विधेयक राज्यांना पाठवलं. गोवा आणि केरळने १९८० मध्ये कायदा केला, महाराष्ट्राने १९८१ मध्ये. पर्ससीनवर राज्याचे कडक निर्बंध आले ते फेब्रुवारी २०१६ मध्ये. किनाऱ्यापासून १२ सागरी मैल राज्याचे, त्यापुढे २०० मैलांपर्यंत केंद्राचं क्षेत्र. त्या केंद्राच्या क्षेत्रात एलईडीवर बंदी आली १० नोव्हेंबर २०१७ ला. मग २०२१ मध्ये राज्याने १९८१ च्या कायद्यात दुरुस्ती केली. एलईडीसाठी ५ लाखांपासून २० लाखांपर्यंत दंड ठेवला. प्रकरणं तहसीलदारांकडून मत्स्यव्यवसाय अधिकाऱ्यांकडे आली. जानेवारी २०२५ मध्ये ड्रोनची टेहळणीही सुरू झाली.

म्हणजे कायदा नाही, असं आता कोणी म्हणू शकत नाही.

नुकसान कोणाचं, तेही बघा. रापण अख्खी वाडी ओढते आणि मासळीचे वाटे पडतात. थवा बाहेरच उचलला गेला तर वाट्याला काय येणार? रेती? दुसरी बाजूही सांगतो. एलईडीच्या बोटीवरचा खलाशी कोणाचा तरी पोरगाच आहे आणि मालकाच्या डोक्यावर बँकेचं कर्ज आहे. पण समुद्रातली पिल्लंच संपली तर त्याचा हप्ता तरी कशातून फिटणार?

माझी मागणी साधी आहे. महिन्यात किती बोटी पकडल्या, किती दंड ठोठावला, त्यातला किती वसूल झाला, हे तीन आकडे दर महिन्याला प्रत्येक बंदराच्या फलकावर लावा. दिवे समुद्रात लागतात, ते किनाऱ्यावरून सगळ्यांना दिसतात. कारवाईसुद्धा तशीच दिसू दे.