ठेंगण्या राजपुत्राचा शिंपी

पुरुषाला आहे त्याहून उंच दाखविण्याचा उद्योग शिंप्याच्या हाती फार उशिरा आला. त्यापूर्वी तो जोडे शिवणाऱ्यांच्या आणि केसांचे टोप करणाऱ्यांच्या हाती होता. फ्रान्सचा चौदावा लुई दरबारात येई तेव्हा त्याच्या पायांत तांबड्या रंगाच्या उंच टाचांचे जोडे असत व मस्तकावर कुरळ्या केसांचा भलाथोरला टोप असे. उंचीची भर थोडी खालून आणि थोडी वरून पडत असल्यामुळे मधल्या देहाची फारशी चौकशी होत नसे. पुढे फ्रेंच राज्यक्रांती झाली. टोप गेले, टाचाही गेल्या. इंग्लंडात बो ब्रमेल नावाच्या गृहस्थाने जर, मखमल आणि रेशीम बाजूस सारून गडद रंगाच्या, अंगाबरोबर बसणाऱ्या साध्या कोटाला प्रतिष्ठा दिली. ठेंगण्या पुरुषाची खरी अडचण येथून सुरू झाली. सर्वांचा पोशाख सारखाच झाल्यावर उंचीतला फरक तेवढा डोळ्यांत भरू लागला. तो झाकावयाचा तर आता कात्री आणि सुई यांवाचून दुसरे साधन उरले नाही.

ह्या साधनाचा जितका कसून उपयोग एका इंग्रज राजपुत्राने करून घेतला, तितका दुसऱ्या कोणी क्वचितच घेतला असेल. तो राजपुत्र म्हणजे पंचम जॉर्ज बादशहाचा वडील मुलगा एडवर्ड, अर्थात पुढे आठवा एडवर्ड आणि त्याहीपुढे विंडसरचा ड्यूक म्हणून जगाला ठाऊक झालेला गृहस्थ. त्याचा जन्म 1894 चा. उंची पाच फूट सात इंच. आता त्या काळच्या इंग्लंडात ही उंची काही हसण्यासारखी नव्हती. 1914 च्या अखेरीस तर पाच फूट तीन इंचांहूनही कमी उंचीच्या माणसांच्या स्वतंत्र पलटणी उभ्या राहिल्या होत्या. परंतु माणूस ठेंगणा की उंच हे इंचांवरून ठरत नाही, शेजारी कोण उभे आहे त्यावरून ठरते. महायुद्ध सुरू होताच राजपुत्राची नेमणूक ग्रेनेडियर गार्ड्‌सच्या पहिल्या पलटणीत झाली, आणि तीही ‘किंग्ज कंपनी’ ह्या तुकडीत. सहा फुटांहून कमी उंचीच्या शिपायाला त्या तुकडीत प्रवेश नसे. राजपुत्रासाठी नियम शिथिल झाला खरा, पण रांगेत उभे राहिल्यावर नियम का होता हे प्रत्येकास दिसत असे. 1951 साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात त्याने ह्या प्रसंगाचा उल्लेख मोकळेपणाने केला आहे.

ह्याच गार्ड्‌स पलटणींच्या कोटांतून त्याच्या अडचणीवरचा उपाय निघावा हा योग मोठा चमत्कारिक आहे. लंडनमध्ये फ्रेडरिक शोल्टे नावाचा जन्माने डच असलेला एक शिंपी होता. त्याने आपली विद्या लष्करी अधिकाऱ्यांचे पोशाख शिवणाऱ्या एका पेढीत संपादन केली होती. गार्ड्‌सचे अधिकारी आपल्या जाड कोटावरून कमरेला पट्टा आवळीत. तसे केले म्हणजे पट्ट्याच्या वर छातीवर आणि पाठीवर कापडाला किंचित फुगवटा येई, कंबर बारीक दिसे आणि एरवी सामान्य बांध्याच्या माणसालाही एक प्रकारची ऐट प्राप्त होई. शोल्टेने हे पाहिले आणि पट्ट्याने घडणारी ती किमया पट्ट्यावाचून, नुसत्या बेतण्याने साध्या नागरी कोटात उतरविली. शिंप्यांच्या जगात ही तऱ्हा पुढे ‘लंडन ड्रेप’ ह्या नावाने प्रसिद्धीस आली.

तिची कारागिरी थोडी खोलात जाऊन पाहण्यासारखी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील इंग्रजी कोट आतून जाड कॅनव्हास घालून ताठ केलेला असे. तो अंगावर चिलखतासारखा बसे. शोल्टेने कॅनव्हास मऊ घेतला, खांद्यातील कापसाची भरती जवळजवळ काढून टाकली आणि खांद्याला त्याच्या नैसर्गिक उतारावर सोडले. छातीच्या दोन्ही अंगांना व पाठीच्या फऱ्यांवर त्याने कापड किंचित सैल ठेवले. ते बाहीच्या जवळ हलक्या उभ्या चुणीने खाली उतरे. कंबर आवळून घेतली. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मुंढा लहान केला व काखेत वर चढविला. मुंढा मोठा आणि खाली असला तर हात उचलताच सबंध कोट वर उचलला जातो, कॉलर मानेपासून सुटते आणि ठेंगण्या माणसाचे डोके कोटात बुडाल्यासारखे दिसते. मुंढा वर असला म्हणजे हात फिरतो आणि कोट जागचा हलत नाही.

कोणी म्हणेल, खांद्यात भरती घालून ठेंगण्या माणसाला भारदस्त का करू नये? बहुतेक सामान्य शिंपी तेच करीत आले आहेत आणि तेथेच त्यांची चूक होते. खांदे रुंद केले की माणूस उंच होत नाही, चौकोनी होतो. आणि त्या चौकोनावर डोके उगाच लहान दिसू लागते. शोल्टेचा रोख उंची वाढविण्यावर नव्हताच. डोके, खांदा, कंबर आणि पाय यांचे परस्परांशी प्रमाण असे जुळवावयाचे की पाहणाऱ्याला इंच मोजण्याची आठवणच होऊ नये, हे त्याचे धोरण. अतिरेकाचा त्याला मनस्वी तिटकारा होता आणि बडे गिऱ्हाईक समोर आहे म्हणून तो आपले नियम सोडीत नसे. एडवर्ड त्याच्याकडे 1919 पासून कोट शिववू लागला आणि सुमारे चाळीस वर्षे, म्हणजे राज्य गेल्यानंतरही, त्याच पेढीचे कोट वापरीत राहिला. विजारींच्या बाबतीत मात्र गुरुशिष्यांचे जमले नाही. शोल्टेला विजार छातीकडे चढलेली आणि गॅलिसांवर तोललेली हवी, राजपुत्राला अमेरिकन पद्धतीने पट्ट्यावर बसणारी. अखेर कोट लंडनचे आणि विजारी न्यूयॉर्कच्या, अशी वाटणी झाली. एका सूटचे दोन तुकडे महासागराच्या दोन काठांवर शिवले जावेत, ही चैन अर्थात राजपुत्रालाच परवडणारी!

हा राजपुत्र मुंबईकरांच्याही पाहण्यात आला होता. 17 नोव्हेंबर 1921 रोजी तो अपोलो बंदरावर उतरला. सरकारी स्वागताची सिद्धता मोठी होती. पण त्याच दिवशी परळ भागात एल्फिन्स्टन गिरणीच्या आवारात गांधीजींच्या हस्ते परदेशी कापडाची होळी पेटली. बहिष्काराचे पर्यवसान दंगलीत झाले, पन्नासाहून अधिक माणसे प्राणांस मुकली आणि शांतता होईपर्यंत गांधीजींनी उपोषण आरंभिले. वेषाच्या इतिहासात ह्या दिवसाला एक वेगळेच महत्त्व आहे. गांधीजी उंचीने राजपुत्राहूनही कमीच. 1888 साली विद्यार्थी म्हणून लंडनला गेले असता त्यांनीही बाँड स्ट्रीटवर दहा पौंड खर्चून संध्याकाळचा सूट शिवून घेतला होता. 1921 च्या सप्टेंबरात मदुरेस त्यांनी पंचा स्वीकारला. दोन महिन्यांच्या आत एकाच शहरात एका बाजूस शोल्टेच्या कात्रीखालून गेलेला युवराज आणि दुसऱ्या बाजूस शिंप्याची गरजच संपविलेला पुरुष असा सामना जुळून आला. आणि त्या दिवशी गर्दी कोणाकडे अधिक लोटली हे मुंबईला सांगावयास नको.

इंग्लंड-अमेरिकेत मात्र राजपुत्राच्या कपड्यांची कीर्ती वाढतच गेली. 1922 साली सेंट अँड्र्यूजच्या मैदानावर तो फेअर आयल बेटावरील नक्षीचा विणलेला स्वेटर घालून गोल्फ खेळला आणि त्या विणकामाला एकाएकी बाजार मिळाला. 1924 साली तो अमेरिकेत लाँग आयलंडवर गेला असता वर्तमानपत्रे त्याच्या रोजच्या पोशाखाच्या बातम्या देत होती. संध्याकाळच्या पोशाखात काळ्याऐवजी रात्रीच्या आकाशासारखा गडद निळा रंग त्याने पसंत केला. छायाचित्रात काळ्या कोटाचा नुसता डाग उमटतो, निळ्या कोटाची पट्टी न् पट्टी दिसते, हे त्याच्या ध्यानी आले होते. त्याच्या नेकटायची जाड गाठ ‘विंडसर नॉट’ म्हणून जगभर गेली. वास्तविक गाठ नेहमीचीच असे. टायच्या आतले अस्तर तेवढे तो जाड घालवून घेई.

ठेंगण्या पुरुषाने एकरंगी कापड घ्यावे, मोठे चौकडे टाळावेत, विजारीला खाली दुमड देऊ नये, दुहेरी पुढ्याचा कोट वापरू नये, असा उपदेश शिंपी करीत असतात. एडवर्डने ह्यांतील जवळजवळ प्रत्येक नियम मोडला. तो ठळक चौकड्यांचे सूट घाली. दुहेरी पुढ्याचा कोट घातला तर त्याची खालची गुंडी लावी, म्हणजे छातीवरील पट्टीची तिरपी रेघ लांब पडे. ही युक्ती त्याची आणि त्याचा धाकटा भाऊ केंटचा ड्यूक यांची. नियम मोडूनही तो शोभला, कारण खालचा बेत अचूक होता. शिवाय युवराजाच्या शेजारी खेटून उभे राहण्याची छाती थोड्यांनाच होई, हीही गोष्ट विसरून चालणार नाही.

हे सारे ज्याला मुळीच रुचत नव्हते असा एक गृहस्थ होता, तो म्हणजे त्याचा पिता. पंचम जॉर्जही अंगलटीने लहानखुराच. पण तरुणपणी ठरलेला पोशाख त्याने मरेपर्यंत बदलला नाही. विजारीची इस्त्री पुढे-मागे न करता बाजूंना करण्याची त्याची पद्धत अखेरपर्यंत टिकली. मुलगा दुमडीची विजार घालून समोर आला की राजवाड्यात पाऊस पडतो आहे काय, असा टोमणा तो मारी. 20 जानेवारी 1936 रोजी पिता वारला. पुत्राने 11 डिसेंबरला सिंहासन सोडले आणि 1937 च्या जूनमध्ये श्रीमती सिम्प्सन यांच्याशी फ्रान्समध्ये विवाह केला. ज्या देशाच्या शिंप्यांना त्याने जगभर नाव मिळवून दिले, त्या देशात त्याला पुढे पाहुण्यासारखे जावे लागले.

1960 साली त्याने आपल्या घराण्याच्या पोशाखांवर ‘ए फॅमिली अल्बम’ हे पुस्तक लिहिले. त्यात एका सूटची हकीगत येते. रॉथसे हंटिंग टार्टन ह्या चौकड्याच्या कापडाचा हा सूट पंचम जॉर्जसाठी 1897 साली शिवलेला. तो पुढे मुलाच्या हाती आला. त्याने विजारीच्या गुंड्या काढवून तेथे झिप बसवून घेतली आणि बाकीचा सूट थोड्याशा फेरफाराने स्वतः वापरला. बापाची आणि लेकाची मापे इतकी जुळत होती.