हिरडीतले जंतू मोजायचे कसे?

पेण-रोह्याकडे दात हलायला लागला की घरची म्हातारी माणसं म्हणतात, "वय झालं, चालायचंच." हा समज खोटा ठरला तो मोजमापामुळे. आज आपण त्या मोजमापाचा इतिहास पाहू.

पेणच्या खाडीकाठी मिठागरं, त्यामुळे दातांना मीठ चोळणं आपल्याला नवं नाही. हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावचा कापडव्यापारी लेवेनहूक हाही मिठानेच दात घासायचा. तरी दातांच्या फटीत पांढरा थर उरतोच, हे त्याने पाहिलं. तो थर भिंगाखाली धरला, तर आत वळवळणारे जीव! १६८३ साली त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीला तसं कळवलं. जंतू दिसले, पण रोगाशी त्यांचं नातं लागायला फार काळ जावा लागला.

ते नातं पक्कं केलं १९६५ साली, डेन्मार्कमध्ये, हाराल्ड ल्यो यांनी. बारा निरोगी माणसांना दात घासणं थांबवायला सांगितलं. १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासू लागताच सूज उतरली. म्हणजे सूज वयाची नव्हती, साचलेल्या थराची होती.

मग प्रश्न आला, त्या थरातले दोषी कोण? १९९८ साली अमेरिकेत सोक्रान्स्की आणि सहकाऱ्यांनी १८५ माणसांच्या दातांवरच्या थराचे १३,२६१ नमुने डीएनएच्या आधारे तपासले. जिथे हिरडी दातापासून सुटून खोल खाच पडली होती, तिथे तीन जंतू एकत्र आढळत: पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस, ट्रेपोनेमा डेंटिकोला आणि आज टॅनरेला फोर्सिथिया म्हणतात तो. या त्रिकुटाला 'लाल गट' हे नाव पडलं. पण हेच जंतू निरोगी तोंडातही थोडेफार सापडतात. त्यामुळे 'आहेत की नाहीत' एवढ्यावर भागत नाही, 'किती आहेत' तेही पाहावं लागतं.

आता गावातल्या दवाखान्यात डीएनएचं यंत्र कुठून आणायचं? त्याचं उत्तर आधीच तयार होतं. १९८२ साली जागतिक आरोग्य संघटनेची हिरड्या तपासण्याची सोपी पद्धत प्रसिद्ध झाली. टोकाला अर्ध्या मिलिमीटरची गोळी असलेली सळई, तिच्यावर ३.५ ते ५.५ मिलिमीटरचा काळा पट्टा. सळई हलकेच हिरडीत घालायची. रक्त येतं का, दातावर कीटण आहे का, पट्टा किती बुडतो, एवढंच पाहायचं. यात जंतू मोजत नाहीत, त्यांनी केलेलं नुकसान मोजतात.

आपल्याकडे एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. विडी ओढणाऱ्याच्या हिरडीतून रक्त कमी येतं, रोग मात्र आत वाढत राहतो. मशेरी हीसुद्धा भाजलेली तंबाखूच. म्हणून "रक्त येत नाही, म्हणजे हिरडी बरी" असं धरून चालू नये. खोली मोजून घ्यावी, आणि तीही दात हलायच्या आधी. कीटण काढून रोग थांबवता येतो, पण झिजलेलं हाड सहसा भरून येत नाही.