काडेपेटीच्या कारखान्यातला जबडा

कॅन्सर हाडात उतरला की रुग्णाला झोलेड्रोनिक ॲसिडचं सलाईन लावतात किंवा डेनोसुमॅबची सुई देतात. हाड मोडू नये, मणका खचू नये म्हणून ही औषधं असतात आणि ती खरोखर गुणकारी आहेत. पण ती घेणाऱ्या थोड्या रुग्णांची दाढ काढल्यावर हिरडी भरून येत नाही. जबड्याचं हाड उघडं पडतं आणि आतून मरत जातं. जबड्यावर किरणोपचार झालेले नसताना ते आठ आठवड्यांहून जास्त उघडं राहिलं, तर डॉक्टर त्याला ‘एमआरओएनजे’ म्हणतात. अमेरिकेतले मुखशल्यचिकित्सक रॉबर्ट मार्क्स यांनी 2003 मध्ये असे 36 रुग्ण नोंदवले, तेव्हा हा एक नवाच आजार वाटला. माझ्या मते तो नवा नव्हता. त्याचं मूळ काडेपेटीच्या कारखान्यात सापडतं आणि त्याला आवर घालण्याची रीतही तिथेच सापडते.

पांढऱ्या फॉस्फरसच्या काड्या 1830 च्या दशकात युरोपात बनू लागल्या. फॉस्फरसच्या वाफेत वर्षानुवर्षं काम करणाऱ्यांची आधी दाढ दुखायची, मग पू व्हायचा आणि शेवटी जबड्याचे तुकडे निघायचे. व्हिएन्नाचे डॉक्टर लोरिन्झर यांनी 1845 मध्ये या रोगाचं वर्णन छापलं. लंडनच्या ब्रायंट अँड मे कारखान्यातल्या मुलींनी 1888 मध्ये संप केला, तेव्हा हा रोग सर्वांच्या तोंडी झाला. पुढे ब्रिटिश सरकारने नेमलेल्या तिघांचा अहवाल 1899 मध्ये आला. त्या तिघांत जॉर्ज कनिंगहॅम हे दातांचे डॉक्टर होते, आणि मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. कारखान्यातल्या विषाची चौकशी करताना दंतवैद्याला बरोबर घ्यावं लागतं, हे तेव्हाच उमगलं होतं. किडक्या दातांवाटे हाड बाधतं असं मानून कामगारांचे दात तपासणं सुरू झालं. 1906 च्या बर्न करारानंतर एकेक देश या काड्यांवर बंदी घालत गेला. हिंदुस्थानात तसा कायदा 1913 मध्ये झाला.

नव्या आजाराचं हे कूळ मान्य नसणारे एक चांगला आक्षेप घेतात. झोलेड्रोनिक ॲसिड ज्या बिस्फॉस्फोनेट गटातलं आहे त्या औषधांत फॉस्फरस असतो, एवढ्या साम्यावरून दोन आजारांचं नातं कसं जोडायचं? पांढऱ्या फॉस्फरसचं शरीरात बिस्फॉस्फोनेटसारखं काही तयार होत असावं, असं काही संशोधकांनी सुचवलं आहे, पण ते सिद्ध झालेलं नाही. शिवाय डेनोसुमॅबचा फॉस्फरसशी असा काही संबंधच नाही, ते एक प्रतिपिंड (अँटीबॉडी) आहे; तरीही त्याने तोच आजार होतो. म्हणून मी हे नातं फॉस्फरसवर उभं करत नाही, जबड्यावर करतो. हाड सतत जुनं खाऊन नवं घडवत असतं. ही औषधं हाड खाणाऱ्या पेशींना रोखतात, त्यामुळे दुरुस्तीही अडते. इतर हाडं ते निभावून नेतात, कारण ती मांस आणि कातडीखाली झाकलेली असतात. जबड्यात मात्र दात पातळ हिरडी भेदून थेट हाडात रुजलेला असतो, तोंड जंतूंनी भरलेलं असतं आणि चावण्याचा ताण रोजचा. कारखान्यात काय किंवा सलाईनवर काय, रोगाचं दार दातच आहे.

मग औषधच टाळावं, असं कुणी म्हणेल. तसं करणं घातक ठरेल. कॅन्सरच्या रुग्णांतही हा त्रास साधारणपणे शंभरांत पाचांहून कमी जणांना होतो. हाडात पसरलेल्या कॅन्सरने मोडणारी हाडं आणि दबणारा मज्जारज्जू यांचं संकट त्याहून कितीतरी मोठं आहे. हाडं ठिसूळ झाली म्हणून हीच औषधं घेणाऱ्या आजींनी तर घाबरूच नये. त्यांना झोलेड्रोनिक ॲसिड वर्षाला 5 मिलिग्रॅम मिळतं, कॅन्सरमध्ये ते बहुधा तीन-चार आठवड्यांनी 4 मिलिग्रॅम दिलं जातं. आणि दातांच्या तपासणीचा गुण दिसलेला आहे. मिलानच्या कर्करोग संस्थेत औषधाआधी दात तपासून दुरुस्त करू लागल्यावर हे प्रमाण 3.2 टक्क्यांवरून 1.3 टक्क्यांवर आलं, असं 2009 मध्ये प्रसिद्ध झालं.

वडगाव मावळसारख्या गावात हा प्रश्न अंतराचा होतो. सलाईन पुण्यात किंवा मुंबईत लागतं, दुखणारी दाढ जवळच्या दवाखान्यात निघते आणि एका डॉक्टरचा कागद दुसऱ्यापर्यंत पोचतोच असं नाही. त्यात मिश्री आणि तंबाखूने हिरड्या आधीच खराब झालेल्या असतात. बिस्फॉस्फोनेट हाडात वर्षानुवर्षं राहतं, म्हणून दोन वर्षांपूर्वी संपलेलं सलाईनही दातांच्या डॉक्टरला सांगायला हवं. घरात कुणाला हाडांसाठी सलाईन किंवा सुई सुरू व्हायची असेल, तर पहिल्या डोसाआधी दात दाखवून घ्या, काढायचे दात तेव्हाच काढा, जखम भरू द्या. आणि नंतर दंतवैद्याच्या खुर्चीत बसण्यापूर्वी कॅन्सरची फाईल डॉक्टरांच्या हातात द्या.