झाडीतली फटफटी

फटफटी हा शब्द आता मागे पडला. गाडीला तिच्या आवाजावरून नाव देणाऱ्या पिढीबरोबरच तो गेला म्हणायचा. पण जुन्या चांदा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या चंद्रपूर आणि गडचिरोलीत, हा शब्द जेव्हा चलनात होता तेव्हा त्याला एक धाक होता. झाडीतून फटफट ऐकू आली की गावकरी समजत, कोणी तरी सरकारी मनुष्य आला. वनखात्याचा साहेब, फौजदार, नाही तर बांबूचा ठेकेदार. आपल्याला कशी गाडी हवी, हा प्रश्न गावकऱ्याला पडण्याचे कारणच नव्हते. गाडी नेहमी दुसऱ्याची असे. तेथून निघून एटापल्लीकडचा तरुण आज चारशे सीसीच्या गाडीची चौकशी करतो, येथवरचा प्रवास मला इतिहासाचा विषय वाटतो. चांद्याच्या गोंड राजांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. स्वाराने गाडीकडे काय मागितले, हे मात्र कोणी फारसे लिहून ठेवलेले नाही.

ज्या गाडीची ही चौकशी चालते तिला ‘स्पोर्ट्स टूरर’ म्हणतात. शर्यतीच्या गाडीचा जोम आणि लांबच्या प्रवासाची सोय, अशी दुहेरी अपेक्षा तिच्याकडून असते. बीएमडब्ल्यू या जर्मन कंपनीने १९७६ साली आर १०० आरएस ही गाडी काढली. तिचे पुढचे आवरण वायुबोगद्यात पारखून घडवले होते. कारण तिकडच्या प्रशस्त महामार्गावर तासन्‌तास भरधाव जाणाऱ्याचा खरा शत्रू म्हणजे छातीवर येणारा वारा. तिकडच्या स्वाराची मागणी अशी वाऱ्यातून जन्मली. आपल्याकडे हे वाण उशिरा आले. हीरो होंडाची करिझ्मा २००३ साली आली, बजाजची २२० सीसी पल्सर २००७ साली, आणि चाकणच्या कारखान्यातली डॉमिनार २०१६ सरता सरता. आमच्या झाडीत वारा आडवा येत नाही. आडव्या येतात त्या वेगळ्याच गोष्टी.

बुलेट १९५५ पासून मद्रासेत बनू लागली. जावा १९६१ च्या सुमारास म्हैसूरहून येऊ लागली. आणि साठीच्या दशकातच पोलिश नमुन्यावरून घडवलेली राजदूत आली. या तिघींत झाडीने आपली म्हणून निवडली ती राजदूत. १९७३ सालच्या ‘बॉबी’ चित्रपटात तिचे एक नाजूक भावंड चमकले आणि शहरातली पोरे त्यावर भाळली. पण त्या भावंडावर तांदळाचे पोते लादून नदी उतरण्याची कल्पना कोणाच्या मनात आली नसेल. मोठी राजदूत दिसायला ठोकळ होती, तरी ती शिक्षकाला, ग्रामसेवकाला, दूधवाल्याला निमूटपणे वाहून नेई. पूल नसलेल्या नदीवर ती दोघे-तिघे मिळून डोंग्यात चढवीत. बुलेट चढवायला आणखी दोन माणसे हाका मारून आणावी लागत. म्हणजे इकडच्या स्वाराची पहिली मागणी ही, की गाडी उचलता आली पाहिजे.

त्या काळचे अंतर ध्यानात घ्यावे. गडचिरोली हा निराळा जिल्हा झाला २६ ऑगस्ट १९८२ रोजी. तोवर प्राणहिता-गोदावरीच्या काठावरच्या सिरोंच्याच्या माणसाला जिल्हा कचेरीसाठी थेट चांद्याला यावे लागे. १९७३ साली बाबा आमट्यांनी हेमलकशाला लोक बिरादरी प्रकल्प सुरू केला तेव्हा पावसाळ्यात तो मुलूख महिनोन्‌महिने जगापासून तुटलेला असे. पुढे १९८५ साली हीरो होंडाची सीडी १०० आली, थोड्या पेट्रोलात दूर नेणारी. आणि १९८६ साली बजाजची एम-८०, पायापाशी पोते ठेवायला जागा असलेली. एम-८० ला रूप नव्हते. पण तिने प्रथमच शेतकऱ्याला स्वार केले. पुढे ज्या कंपनीने डॉमिनार काढली तिचीच ही गाडी, याची आठवण डॉमिनारच्या जाहिरातीत कोणी करून देत नाही.

दिव्याची गोष्ट मात्र सविस्तर सांगितली पाहिजे. दिवाळी आटोपली, भाऊबीज झाली, की गावोगाव मंडई भरते आणि झाडीपट्टीची नाटके सुरू होतात. वडसा हे या नाटकमंडळ्यांचे माहेरघर. नाटक रात्री उशिरा उभे राहते आणि पहाटे उतरते. दहा-वीस कोसांवरून माणसे येतात, आणि पूर्वी बैलबंडीने येणारी ही माणसे पुष्कळ वर्षे झाली, मोटारसायकलवरून येतात. परतताना धुके, डोळ्यांत झोप, आणि रस्त्यावर रानडुक्कर किंवा सांबर. ब्रह्मपुरीच्या बाजूला वाघही. जुन्या गाड्यांचा दिवा इंजिनाच्या वेगाबरोबर उजळे आणि मंदावे. म्हणजे सावधपणे हळू जावे तर अंधार, आणि उजेड हवा तर वेगाने जाणे भाग! हा विचित्र न्याय आमच्या दोन पिढ्यांनी सोसला. त्यामुळे २२० च्या पल्सरमध्ये प्रोजेक्टरचा झोत आला तेव्हा पुण्या-मुंबईच्या स्वारांनी तिच्या वेगाची वाखाणणी केली असेल. मी ज्यांच्याबरोबर नाटकाला जात असे त्यांनी तिच्या दिव्याची केली. डॉमिनारचा एलईडी दिवा त्याहून लख्ख. नाटकवाल्यांची संमती तिला तेवढ्यावरच मिळाली होती.

पुढे रस्ता आला की संमती डळमळते. डॉमिनारचे पोट जमिनीपासून १५७ मिलिमीटर उंच. हिमालयन नावाची जी रांगडी गाडी २०१६ मध्ये आली, तिचे २२०. एवढ्या फरकात आमच्याकडचा एक दगड सहज मावतो. सूरजागडच्या खाणीतून लोहखनिज घेऊन ट्रक निघू लागले तेव्हा आलापल्ली-आष्टीच्या रस्त्याची जी दशा झाली ती पाहिलेल्याला हे पटवून द्यावे लागत नाही. रस्ता हीच इकडे रक्ताची गोष्ट आहे. १ मे २०१९ रोजी कुरखेडा तालुक्यात दादापूरला रस्त्याच्या कामावरची वाहने जाळली गेली, आणि त्याच दिवशी जांभुळखेड्याजवळच्या स्फोटात पंधरा पोलीस आणि त्यांचा वाहनचालक प्राणास मुकले. गाडीकडून काय हवे, असे विचारताच येथला मनुष्य आधी रस्त्याविषयी बोलू लागतो, तो उगाच नव्हे.

ब्रेकचेही तसेच. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरील प्रत्येक नव्या गाडीला एबीएस सक्तीचे झाले. ओल्या डांबरावर ही यंत्रणा जीव वाचवते यात शंका नाही. पण मुरमाच्या उतारावर मागचे चाक थोडे घसरू द्यावे लागते, आणि यंत्रणा नेमकी तेथेच ब्रेक सोडून देते. गाडी थांबायची ती पुढे सरकते. हिमालयनला २०२० साली मागच्या चाकाचे एबीएस बंद करण्याचे बटण दिले गेले. वेगाच्या गाडीतही असे बटण असावे, ही मागणी मला अगदी रास्त वाटते.

आणि मागची बैठक. या नव्या गाड्यांची मागची बैठक उंच, अरुंद आणि पायरीसारखी असते. एखाद्या कॉलेजकुमाराची मैत्रीण तेवढी बसावी असा हिशेब. मोटार वाहन नियमांत मागे बसणाऱ्यासाठी पकडायला मूठ, पाय ठेवायला जागा आणि निम्मे चाक झाकणारी जाळी सक्तीची आहे. ती साडीची जाळी तरुण मंडळी गाडी घरी आणताच काढून टाकतात आणि त्यांची आई दुसऱ्या दिवशी ती परत लावायला सांगते. परंतु प्रश्न साडीपुरता नाही. भामरागडकडच्या पाड्यांतून आजारी माणूस मोटारसायकलवरून दवाखान्यात येतो तो दोघांच्या मध्ये धरून. पुढचा चालवतो, मागचा त्याला सावरतो. कायद्यात हे बसत नाही. त्या पायरीच्या बैठकीवरही बसत नाही. कधी तर खाटच गाडीवर आडवी बांधलेली दिसते. सपाट, लांब बैठक ही शोभेची बाब नव्हे, असे येथला स्वार म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे हे चित्र असते.

राहिले पेट्रोल. डॉमिनारची टाकी १३ लिटरची. लिटरला तीस किलोमीटर धरले तर तीनशे नव्वद. चंद्रपूरहून सिरोंच्याला जाऊन परतायचे तर अंतर चारशेच्या वर भरते, म्हणजे शेवटच्या टप्प्यात किराणा दुकानातली बाटली विकत घेणे आले.

तेंदूचा हंगाम संपला की हातात पैसा येतो आणि चंद्रपूरच्या दुकानांतून या गाड्यांभोवती गर्दी होते. अशाच एका गर्दीत मी उभा होतो. विक्रेता अश्वशक्तीचे आकडे सांगत होता. एटापल्लीकडचा एक पोरगा ते सगळे शांतपणे ऐकून घेत होता. आकडे संपल्यावर त्याने विचारले, “भाऊ, हिची क्लचची तार अहेरीत भेटते का?” विक्रेत्याने नागपूरला फोन लावला.